परसातली चूल : हिवाळ्याआधीच्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

नेपरव्हिलमध्ये आज २८ अंश. शिकागोकडच्या ऑक्टोबरचा हाच लबाडपणा. आज टी-शर्टवर फिरवतो आणि तीन आठवड्यांत नळ फोडतो. गेल्या वर्षी फसले, म्हणून यंदा वही केली आहे.

आमचं मागचं किचन म्हणजे पॅटिओवरचा दहा फुटी ओटा. आत धातूचा सांगाडा, त्यावर सिमेंटचे बोर्ड, बाहेरून दगड, वर ग्रॅनाइट. त्यात ग्रिल, प्रोपेनवरची दोन बर्नरची शेगडी, गार पाण्याचं सिंक आणि एक बुटका फ्रिज. शेजाऱ्यांना वाटतं बार्बेक्यूसाठी बांधला. खरं कारण बोंबील. मी अलिबागची. इथल्या बंद घरात बोंबील तळले की कपाटातल्या कोटांना आठवडाभर वास, आणि फोडणी जरा करपली की धुराचा अलार्म बोंब मारतो. सासूबाई साताऱ्याच्या, माशाला हात लावत नाहीत, पण ‘परसातली चूल’ हे नाव त्यांनीच दिलंय.

गेल्या वर्षी काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे परत तेच करणार नाही. बेसमेंटमधला व्हॉल्व्ह बंद केला, बाहेरचा नळ उघडून पाणी जाऊ दिलं, आणि मग शहाणपणा म्हणून सिंकखालचा व्हॉल्व्हही घट्ट बंद केला. डबल बंदोबस्त! एप्रिलमध्ये पाणी सुरू केलं तर सिंकखालच्या कपाटात कारंजं. व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. पितळेच्या अंगावर केसाएवढी चीर, बोटाला लागतही नव्हती. नखाने ओढलं तेव्हा कळली.

हा बॉल व्हॉल्व्ह. आत आरपार भोक असलेला गोळा असतो. दांडा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येतं किंवा आडवं होतं. आडवं झालं की भोकातलं चमचाभर पाणी आत कोंडतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि त्याला जायला जागा नसते. म्हणजे मी घट्ट बंद केला म्हणूनच तो फुटला. दांडा अर्ध्यावर, ४५ अंशांत ठेवला असता तर भोकाचं तोंड दोन्हीकडे किलकिलं राहून पाणी निथळून गेलं असतं.

नवीन व्हॉल्व्ह मी मे महिन्यातच बसवला. दांड्याला लाल दोरा बांधून ठेवलाय. थंडीत इथेच, तिरका.

५ ऑक्टोबर, रविवार

ग्रॅनाइट आधी. सीलरच्या डब्यावर १० अंश सेल्सियसच्या वर लावा असं लिहिलंय आणि असे दिवस आता मोजकेच.

पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबले. मधल्या भागात थेंब मोत्यासारखे उभे. सिंकच्या कडेला आणि शेगडीच्या उजव्या हाताला, म्हणजे जिथे आपण झारा ठेवतो तिथे, थेंब बसले आणि खाली दगड काळपट झाला. तिथे दगड पाणी पितोय. प्यायलेलं पाणी आत गोठलं की पापुद्रे निघतात.

भांड्याच्या साबणाने धुतलं. (व्हिनेगर नाही. नवऱ्याला दोनदा सांगितलं.) शेगडीजवळ हळदीचा एक जुना डाग होता. त्याला काही करायचं नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलं. हळद उन्हाने उडते. जूनमध्ये वाटीएवढा होता, आज शोधावा लागला.

११ ऑक्टोबर, शनिवार

दगड आठवडाभर सुकला. सकाळी सीलर लावला. लावून दहा मिनिटांत पुसायचा असतो. तेवढ्यात अलिबागहून भावाचा फोन आला, आणि त्याच्याशी बोलणं दहा मिनिटांत कधी आटोपलंय? परत आले तर अर्ध्या ओट्यावर चिकट, दुधाळ साय. घासून जाईना. त्यावरच पुन्हा सीलर ओतला. ओला झाल्यावर जुना थर सैल पडला, मग सुती पंचाने लगेच पुसला. पंचा गेला, ओटा वाचला.

दुपारी सांधे. बाहेरच्या दगडांच्या दर्जा (मधल्या भरलेल्या फटी) एका ठिकाणी भुगा झाल्या होत्या, तेवढ्या खरवडून परत भरल्या. ओटा आणि मागची भिंत यांच्यामध्ये सिमेंट नको, तिथे सिलिकॉनच. उन्हा-थंडीने दोन्ही वेगवेगळे हलतात आणि सिमेंटला तडा जातो.

एक चूक होता होता राहिली. ओट्याच्या तळाशी दगडांमध्ये चार बारीक भोकं आहेत. हातात सिलिकॉनची बंदूक होतीच, वाटलं, हीपण बुजवून टाकू. नवरा म्हणाला, “मग आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून येणार?” बरोबर होतं. वर्षातून दोनदा तो असं काहीतरी बरोबर बोलतो. भोकं तशीच ठेवली.

अलिबागला मे संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची धावपळ असायची. पडवीला झाप बांधायचे, लाकडं माळ्यावर, सुके बोंबील डब्यात. ही आमची इथली आगोट. फरक एवढाच की तिथे पाणी बाहेरून येऊ नये म्हणून जीव काढायचा, इथे आतलं पाणी बाहेर काढण्यासाठी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी दोन दिवसांवर. चकल्या बाहेरच तळायच्या, हे ठरलेलं. बाहेर ११ अंश आणि वारा.

पहिल्याच घाण्याला सासूबाई म्हणाल्या, “अगं, तेल तापतच नाहीये. चकली तेल पितेय.” खरंच मऊ पडत होत्या. आधी वाऱ्याला दोष दिला. बेकिंगचे दोन मोठे ट्रे उभे करून आडोसा केला. तरी तेच. मग खाली वाकून पाहिलं. डाव्या बर्नरची ज्योत निळी, उजवीची पिवळी आणि आळसावलेली. कढईच्या बुडाला काजळी.

पिवळी ज्योत म्हणजे बर्नरला हवा कमी मिळतेय. कढई डावीकडे घेतली, चकल्या उरकल्या (दुसऱ्या घाण्यापासून कुरकुरीत, नोंद असावी), आणि सगळं गार झाल्यावर उजवा बर्नर काढला. त्याच्या नळीत गॅस शिरतो त्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. कापसाच्या बोळ्यासारखं घट्ट, पांढरं, आत बारीकशी अंडी. बारीक लांब ब्रशने काढलं. या नळ्यांमध्ये कोळी घर करतात हे ऐकून होते, पण आपल्या चकलीची चव एका कोळ्याने ठरवावी?

बर्नरची भोकं टाचणीने एकेक मोकळी केली. ग्रिलच्या जाळ्या घासल्या. बिडाचा तवा घासून, चुलीवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून घरात नेला. तो आता मार्चपर्यंत घरातच. बीड बाहेर ठेवलं की गंजतंच, झाका नाहीतर पुरा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पाण्याचा दिवस. या आठवड्यात रात्री पारा शून्याला टेकणार असं दिसतंय.

आमच्या भागात जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते असं धरून बांधकाम करतात. आमची ओट्याकडे जाणारी नळी जेमतेम दीड फूट खाली आहे, कारण ती फक्त उन्हाळ्यापुरती. म्हणजे ती रिकामी केलीच पाहिजे. नळी प्लास्टिकची आहे, ती थोडी ताणते. फुटतात ते तिच्या टोकाचे पितळी जोड आणि नळ.

क्रम:

बेसमेंटमधला व्हॉल्व्ह बंद. बाहेर सिंकचा नळ उघडा. बेसमेंटच्या व्हॉल्व्हच्या पलीकडे छोटी तोटी आहे, तिच्याखाली बादली लावून तीही उघडली. अर्धी बादली पाणी आलं आणि थांबलं. गेल्या वर्षी मी इथेच हात झटकले होते.

यंदा शेजाऱ्यांकडून कॉम्प्रेसर आणला. त्याच तोटीला जोडला, दाब ४० पीएसआय. जास्त नको, आपण टायर भरत नाही आहोत. लेकीला बाहेर सिंकपाशी उभं केलं, फोन चालू. एकदम सोडायची नाही, थोडी थोडी हवा द्यायची.

“आई, येतंय! खूप येतंय!” मग “थुंकतोय.” मग “नुसती वाफ.”

खरी गंमत पुढे. पंधरा मिनिटं थांबून परत हवा दिली, तर परत पेलाभर पाणी. नळी जमिनीत सरळ नसते. जिथे झोल आहे तिथे भिंतींना चिकटलेलं पाणी हळूहळू गोळा होतं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कोरडी हवा आली. लेकीने गाल पुढे करून खात्री केली.

नळाच्या तोंडाची जाळी काढून पिशवीत. नळाचा दांडा मध्यावर, अर्धा उघडा. सिंकखाली लाल दोऱ्याचा व्हॉल्व्ह तिरका.

आता सिंकच्या खालचा वाकडा पाइप, पी-ट्रॅप. त्यात पाणी असतंच, ते गटाराचा वास अडवतं, आणि हवेने ते पूर्ण जात नाही. त्यात गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं, आरव्हीवाले (फिरत्या घराच्या गाड्यांवाले) वापरतात ते, प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीतलं हिरवं अजिबात नाही. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आणि वर चवीला गोड, म्हणून कुत्री चाटतात. गुलाबी साधारण लिटरभर ओतलं. पाणी मिसळायचं नाही, पातळ झालं की गोठतं. भोकातून रूहअफजासारखं दिसत होतं. सासूबाईंना सांगितलं, “आई, आता या सिंकमध्ये पाणी ओतायचं नाही हं.” त्या “हो हो” म्हणाल्या. त्या “हो हो”चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

घराच्या भिंतीतल्या दुसऱ्या नळाचा पाइपही सोडवला. तो नळ न गोठणाऱ्या जातीचा, त्याची झडप फूटभर आत, उबेत असते. पण बागेचा पाइप लावून ठेवला तर त्यातलं पाणी नळात अडकून राहतं आणि मग तो बिनदिक्कत गोठतो.

संध्याकाळपर्यंत कंबर गेली.

२ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं तासभर मागे. पाचच्या आधीच अंधार. काम दुपारीच उरकलं.

फ्रिज: प्लग काढला, रिकामा केला, सोड्याच्या पाण्याने पुसला. तळाच्या ट्रेमध्ये सुरमईच्या मसाल्याचं लाल पाणी वाळून गोंद झालं होतं. कडाक्यात कॉम्प्रेसरमधलं तेल घट्ट होतं, म्हणून चालू ठेवण्यात अर्थ नाही. आणि दार बंद ठेवलं की वसंतात आत बुरशीचा गालिचा. तेव्हा दार किलकिलं हवं. काय अडकवावं ते सुचेना. शेवटी स्वयंपाकघराच्या तळच्या खणातलं एक बारीक जुनं लाटणं आणून दारात आडवं खुपसलं, वर टेपचा वेढा. कुणी वापरताना दिसलं नव्हतं. फिट्ट बसलं.

बाहेरच्या सॉकेटचं टेस्टचं बटण दाबलं, टक करून बंद पडलं, परत चालू केलं. ठीक.

उंदीर. सिंकखालच्या कपाटात मागच्या कोपऱ्यात चार लेंड्या आणि कुरतडलेला स्पंज. इथले शेतातले उंदीर बोटभर भोकातून येतात. जिथे पाइप आत येतात तिथे स्टीलचा काथ्या कोंबला. पण ओट्याच्या तळाला सिलिंडरच्या कप्प्याला दोन झरोके आहेत, ते बुजवायचे नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळलाच तर खाली साचतो, त्याला तळातूनच वाट हवी. म्हणून झरोक्यांना आतून बारीक तारेची जाळी स्क्रूने बसवली. गॅस बाहेर जाईल, उंदीर आत येणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळं झाकून टाकायचं होतं. उद्या बर्फ म्हणतात.

सासूबाई म्हणाल्या, “सटीचं काय?”

चंपाषष्ठी २६ तारखेला. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. सासूबाई चातुर्मासापासून वांगं खात नाहीत ते थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की. गेल्या वर्षी घरातल्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये भाजलं होतं. त्यांनी खाल्लं, पण “उकडलेलं लागतंय” हे वाक्य मला वर्षभर ऐकावं लागलं. आणि त्या बरोबर होत्या. ज्योतीवर साल करपल्याशिवाय भरताला वास येत नाही.

तडजोड: पाणी बंदच. डावा बर्नर आणि सिलिंडर २६ पर्यंत चालू ठेवायचे. कव्हर घालायचं, पण त्या बाजूचे पट्टे सोडता येतील असे.

सिलिंडरबद्दल मंडळातल्या एका काकांनी सल्ला दिला होता, “गराजमध्ये ठेवा, गारठून बंद पडेल.” नाही. सिलिंडर बाहेरच, उभा. घरात आणि गराजमध्ये तो नेतच नाहीत. आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, दाब कमी होतो एवढंच. भारतातल्या आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, तो शून्याच्या जवळपासच थिजल्यासारखा बसून राहतो. काकांची भीती तिकडची असावी.

उरलाय किती? वजनकाट्यावर ठेवला. कॉलरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, आमच्यावर १७ पौंड. काटा २४ दाखवतोय. ७ पौंड गॅस. दोन वांग्यांना कितीतरी जास्त.

गेल्या वर्षी निळी ताडपत्री आवळून बांधली होती. आतून घाम सुटून ग्रिलचे सगळे स्क्रू गंजले. यंदा जाड कापडी कव्हर आणलं, बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेलं. खाली वीतभर जागा सोडली. झरोके मोकळे.

१० नोव्हेंबर, सोमवार

बर्फ पडला, थोडा वितळला. सिंकच्या जागी कव्हर खड्डा करून बसलं, त्यात पाणी, पाण्यावर पापुद्रा. आत प्लास्टिकची घमेली पालथी ठेवली, उतार झाला. पायऱ्यांवर मीठ टाकलं नाही. ते उडून स्टीलवर बसतं आणि ठिपके पडतात. वाळू टाकली.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

सकाळी देवाची पूजा, तळी उचलली. येळकोट येळकोट जय मल्हार. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं आणि लेकीचा पांढरा स्वेटर पिवळा.

अकराला बाहेर. शून्याच्या खाली आणि वारा असा की कव्हरचा सोडलेला पट्टा चाबकासारखा वाजत होता. ट्रेचा आडोसा केला. सिलिंडरचा नॉब हळू उघडला, लायटर, आणि पहिल्याच झटक्यात निळी ज्योत. मला जरा भरून आलं, कबूल करते.

इथली वांगी पपईएवढी. टोचे मारून लसणाच्या पाकळ्या खोचल्या, तेलाचा हात. वीस मिनिटांत पहिलं उतरलं. सासूबाई नवऱ्याच्या जाकिटात, वर शाल, हातमोजे घालून चिमट्याने वांगं फिरवत होत्या. साल चटचट उलत होती. वारा नेमका घराकडे धूर नेत होता, पण दारं बंद. अलार्म गप्प.

वांगी ताटात घेऊन मी आत गेले. तीन मिनिटांसाठी. बाहेर आले तर सासूबाईंनी तांब्यातलं कोमट पाणी हातांवर घेऊन सिंकमध्ये हात धुतले होते.

“आई!”

“अगं, हात काळे झाले होते. नैवेद्याला हात कसा लावू?”

यावर काय बोलणार. आधी भरीत. कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, वर कच्चं तेल. बाजरीचे रोडगे. “आत्ता लागलं भरीत,” त्या म्हणाल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग, बहुतेक दुकानं बंद. बरं झालं, कॅनमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ अर्धं उरलं होतं. तांब्याभर पाण्याने ट्रॅपमधलं पातळ झालं असणार. वरून थोडं टाकून भागत नाही. रंग गडद दिसेपर्यंत ओतत राहिले, पुढचं मागचं ढकलून देतं. मग सिंकवर पाट पालथा घातला आणि वर वीट. वर चिठ्ठी लावणार होते. सासूबाईंकडे पाहून राहू दिली.

सिलिंडर बंद. घट्ट, पूर्ण. एवढा एकच असा आहे. नळी सोडवली, तोंडाला टोपी, आणि उभाच ओट्याबाहेर भिंतीशी, मोकळ्यावर. बर्नर गार झाल्यावर झाकला, पट्टे ओढले.

फेरी मारून तपासलं: नळ अर्धा. लाल दोरा तिरका. फ्रिज किलकिला. झरोके, तळाची भोकं मोकळी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून बर्फ, थांबायचं नाव नाही. कव्हरवर वीतभर साचला. घमेल्याचा उतार टिकलाय. पॅटिओचं दारही उघडत नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात तळचा खण उपसतायत. पुरणपोळ्यांचा बेत आहे.

“अगं, माझं बारीक लाटणं कुठं गेलं? साताऱ्याहून आणलेलं. पुरणाला तेच लागतं.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

“आई, पोळ्यांऐवजी आज कडबू करायचे का?”